सोनखत पिकाला चालते, पण ते वाहणारे हात कोणाचे?

रासायनिक खतांचे भाव आणि खतांवरील सरकारी अनुदान हा आता दरवर्षीचा विषय झाला आहे. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, खतांचे जागतिक भाव भडकले आणि त्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारचे खत अनुदान दोन लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. पोटॅश जवळजवळ सगळे बाहेरून येते. स्फुरदाचा कच्चा दगडही बहुतांश आयात होतो. अशा वेळी धोरणकर्त्यांना एका जुन्या गोष्टीची आठवण झाली आहे, ती म्हणजे माणसाची विष्ठा. शहरांच्या सेप्टिक टँकमधला गाळ काढायचा, त्यावर प्रक्रिया करायची आणि त्याचे खत करून शेतीला द्यायचे. परिषदांमधून आणि सादरीकरणांमधून याला 'कचऱ्यातून सोने' म्हटले जाते.

कल्पना चुकीची नाही. जमिनीतून आलेले जमिनीला परत गेले पाहिजे, याला कोणाचा विरोध असणार? परंतु भारतात विष्ठेचा प्रश्न कधीच केवळ शेतीशास्त्राचा किंवा अभियांत्रिकीचा नव्हता. तो जातीचा प्रश्न आहे. म्हणून या योजनेकडे पाहताना आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हे खत खाणाऱ्याच्या आणि शेतात राबणाऱ्याच्या आरोग्याला सुरक्षित आहे का? आणि घरातून शेतापर्यंतच्या प्रवासात त्याला हात कोण लावणार आहे? पहिल्या प्रश्नावर बरीच चर्चा होते. दुसऱ्यावर सोयीस्कर मौन असते.

नवे काहीच नाही

मराठीत या खताला 'सोनखत' असा शब्द आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांना त्याची किंमत ठाऊक होती. चीन, जपान आणि कोरियात शतकानुशतके मानवी मैला शेतात वापरला गेला. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. जपानच्या एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, शेतकरी घरमालकांना मोबदला देऊन मैला नेत असत.

आपल्याकडे ब्रिटिश काळात नगरपालिका मैला राखेत मिसळून, वाळवून विकत. पुण्याच्या आसपासच्या उसाच्या मळ्यांत हे खत वापरले जाई. १८९३ साली जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांचा भारतीय शेतीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यातही मैल्याच्या खताची चर्चा आहे. पुढे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची शास्त्रीय पद्धत बसवली. १९३९ च्या सुमारास बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी शहरातला कचरा आणि मैला चरांमध्ये थरांनी भरून खत करण्याची पद्धत विकसित केली. ती 'बंगळूर पद्धत' आजही कृषी महाविद्यालयांत शिकवली जाते.

या सगळ्या इतिहासात खताचे गुणधर्म नोंदले गेले, एकरी किती गाड्या टाकायच्या ते नोंदले गेले, उत्पन्न किती वाढले तेही नोंदले गेले. पहाटे पाटीचे संडास उपसून, डोक्यावर टोपली घेऊन त्या चरापर्यंत मैला नेणारी बाई मात्र त्यात कुठेच ठळकपणे दिसत नाही. तिचे काम 'व्यवस्था' या एका शब्दात झाकले गेले. १९४९ मध्ये मुंबई सरकारला सफाई कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमावी लागली, यावरून ती 'व्यवस्था' कशी होती याचा अंदाज येतो.

शास्त्र काय सांगते

आधी सोन्याचा हिशेब करू. भारतीय आहारावर जगणारा एक माणूस वर्षाला साधारण अडीच ते तीन किलो नत्र शरीराबाहेर टाकतो. त्याचा मोठा भाग विष्ठेतून नव्हे, लघवीतून जातो. पाच माणसांच्या घराचे हे नत्र युरियात मोजले, तर ते ४५ किलोच्या एका पोत्याच्या अर्ध्याहून थोडे जास्त भरते. त्यातलेही बरेचसे सेप्टिक टँकच्या पाण्याबरोबर निघून जाते किंवा हवेत उडते. म्हणजे टाकीच्या गाळापासून केलेले खत युरियाची जागा घेईल हा दावा फुगवलेला आहे. त्याचे खरे मोल जमिनीला मिळणाऱ्या सेंद्रिय कर्बात आणि काही प्रमाणात स्फुरदात आहे. महाराष्ट्राच्या कर्ब घटलेल्या जमिनींना त्याची गरज आहेच, पण सोन्याची खाण वगैरे काही नाही.

दुसरी बाजू धोक्याची. ताज्या मैल्यात पटकी, विषमज्वर, कावीळ आणि अतिसार यांचे जंतू असतात. त्याहून चिवट असतात ती जंतांची अंडी. ॲस्केरिस या गोल कृमीची अंडी मातीत कित्येक महिने, अनुकूल परिस्थितीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा मातीला चिकटून वाढणाऱ्या पिकांतून ती पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर खाण्याचीही वाट पाहत नाही. ती अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते आणि माणसाला रक्तक्षय होतो. शेतात अनवाणी खुरपणी कोण करते? भूमिहीन मजूर स्त्री करते. तिच्या अंगात आधीच रक्त कमी असते.

यावर उपाय नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये शेतीत सांडपाणी आणि विष्ठा सुरक्षितपणे वापरण्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार प्रक्रिया झालेल्या कोरड्या मैल्याच्या एका ग्रॅममध्ये जंताचे एकापेक्षा जास्त अंडे असता कामा नये. त्यासाठी कंपोस्टच्या ढिगाचे तापमान ५० अंशांच्या वर किमान आठवडाभर टिकले पाहिजे, किंवा मैला दीर्घकाळ, वर्ष-दोन वर्षे, बंद अवस्थेत राहिला पाहिजे. शिवाय खत टाकणे आणि पीक काढणे यांत पुरेसे अंतर हवे, आणि पालेभाज्यांऐवजी फळझाडे, ऊस, चारा किंवा शिजवून खाल्ली जाणारी पिके निवडली पाहिजेत. भुयारी गटारातून येणाऱ्या गाळात कारखान्यांचे पाणी मिसळले असेल तर शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारख्या जड धातूंची तपासणीही अनिवार्य ठरते, कारण धातू कंपोस्टने नाहीसे होत नाहीत.

थोडक्यात, मैल्याचे खत सुरक्षित असू शकते. पण त्यासाठी वेळ, जागा, थर्मामीटर, प्रयोगशाळा आणि प्रामाणिक नोंदवही लागते. यातले एक जरी नसेल तर सोनखत हा रोगाचा प्रसार ठरतो.

आज प्रत्यक्षात काय चालले आहे

२०११ च्या जनगणनेनुसार शहरी भारतात सुमारे ३८ टक्के घरांचे संडास सेप्टिक टँकला जोडलेले होते, तर भुयारी गटाराला जोडलेली घरे ३३ टक्क्यांच्या आसपास होती. स्वच्छ भारत अभियानात कोट्यवधी नवे संडास बांधले गेले आणि टाक्यांची संख्या आणखी वाढली. संडास मोजले गेले, त्यांची छायाचित्रे अपलोड झाली. टाकी भरल्यावर काय, हा प्रश्न मागे राहिला. बहुतेक लहान शहरांत टाकी ओसंडेपर्यंत कोणी बघत नाही. मग खाजगी गाडी बोलावली जाते. तिने उपसलेला मैला रात्री नाल्यात, नदीकाठी किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या संमतीने थेट शेतात जातो. बंगळूरच्या परिसरात केळी आणि नारळाच्या बागांसाठी असा मैला घेण्याची पद्धत अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. शेतकऱ्याला खत मिळते, गाडीवाल्याची फेरी वाचते, आणि सरकारी नोंदीत हा व्यवहार कुठेच नसतो.

चांगली उदाहरणेही आहेत, आणि ती आपल्या राज्यात आहेत. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन शहरांनी ठरावीक वर्षांनी प्रत्येक घराची टाकी नगरपालिकेमार्फत उपसण्याची पद्धत सुरू केली. टाकी भरून वाहण्याची वाट न पाहता तीन वर्षांच्या फेरीने ती उपसायची आणि मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा. कर्नाटकातील देवनहळ्ळी येथे २०१५ पासून मैला गाळ प्रक्रिया केंद्र आहे आणि तेथे वाळलेला गाळ शहरातल्या ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून खत केले जाते. २०१७ मध्ये केंद्राने मैला गाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. महाराष्ट्रात नगरपालिकांच्या कंपोस्टसाठी 'हरित महासिटी कंपोस्ट' ही मुद्राही आहे. म्हणजे धोरण आहे, तंत्र आहे आणि बाजाराचे नावही आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

कायद्यातली एक फट

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा आणि त्या कामगारांच्या पुनर्वसनाचा कायदा २०१३ मध्ये संमत झाला. तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी. त्या कायद्याने सफाई कामगाराची जी व्याख्या केली, ती प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा नीट वाचावी. अस्वच्छ संडास, उघडी गटारे आणि खड्डे यांतील मानवी मैला 'पूर्णपणे कुजण्यापूर्वी' हाताने साफ करणारी, वाहणारी किंवा हाताळणारी व्यक्ती, अशा आशयाची ती व्याख्या आहे. म्हणजे मैला पूर्ण कुजला असेल तर तो हाताने काढणारा माणूस कायद्याच्या नजरेत हाताने मैला साफ करणारा ठरत नाही. तसेच, योग्य साधने आणि सुरक्षा पोशाख देऊन काम करून घेतले, तरी ती व्यक्ती या व्याख्येतून बाहेर जाते.

मग पूर्ण कुजला आहे हे ठरवणार कोण? ठेकेदार? घरमालक? खड्डा उघडेपर्यंत ते कोणालाच दिसत नाही, आणि उघडल्यावर खाली उतरलेला माणूस काम सोडून वर येऊ शकत नाही. त्याची मजुरी त्या खड्ड्यात अडकलेली असते.

दोन खड्ड्यांच्या संडासाचेच पाहा. कागदावर हे तंत्र निर्दोष आहे. एक खड्डा भरला की तो बंद करायचा, मैला दुसऱ्यात वळवायचा, आणि पहिल्यात दीड-दोन वर्षांनी वास नसलेले, मातीसारखे खत तयार होते. लोकांच्या मनातली किळस जावी म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या पेयजल व स्वच्छता मंत्रालयाचे सचिव आणि इतर अधिकारी तेलंगणातील गंगादेवीपल्ली गावात स्वतः खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत बाहेर काढले. त्या कृतीचे मोल मी नाकारत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याने खड्ड्यात उतरणे या देशात लहान गोष्ट नाही. पण अधिकारी एकदा उतरतो, निवडलेल्या आणि तपासलेल्या खड्ड्यात, आणि त्याची बातमी होते. गावोगावी बांधलेले खड्डे मात्र अनेकदा एकच असतात, किंवा दोन असूनही दोन्ही एकाच वेळी वापरात असतात. पावसाळ्यात ते पाण्याने भरतात. ते उपसायची वेळ आली की घरमालक स्वतः फावडे घेत नाही. तो वस्तीत निरोप पाठवतो. कोणत्या वस्तीत, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

आकडे याची साक्ष देतात. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणनेत ग्रामीण भारतात हाताने मैला साफ करणारी सुमारे १ लाख ८० हजार कुटुंबे नोंदली गेली. त्यांत सर्वाधिक, ६३ हजारांहून अधिक, पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातील होती. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत २०२३ नंतर गटार व सेप्टिक टँक कामगारांची गणना सुरू झाली. त्यात दर शंभरांत सुमारे ६८ कामगार अनुसूचित जातींचे निघाले. सरकारनेच संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि टाक्यांची धोकादायक सफाई करताना ३७७ माणसे मेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा मुंबईसह सहा महानगरांत या कामावर बंदीचा आदेश द्यावा लागला. ज्या गोष्टीवर १९९३ पासून कायदेशीर बंदी आहे, तिच्यावर २०२५ मध्ये पुन्हा बंदी घालावी लागते, यातच सगळे आले.

'फायद्याचे आहे' या युक्तिवादाला बाबासाहेबांचे उत्तर

मैला म्हणजे सोने आहे, त्यात रोजगार आहे, म्हणून सफाई कामगारांनी या व्यवसायात उद्योजक म्हणून उतरावे, असे आता सांगितले जाते. आपल्या समाजाने हा युक्तिवाद आधी ऐकलेला आहे. महाडनंतर आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तेव्हा वर्तमानपत्रातून हिशेब मांडला गेला. कातडे, शिंगे, हाडे यांचे इतके इतके उत्पन्न हे लोक बुडवत आहेत, त्यांचा नेता त्यांचे नुकसान करतो आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली. त्यांचे उत्तर साधे होते. इतका फायदा असेल तर तुम्ही या, तुम्ही ओढा, वरून पैसे मी देतो. कोणी आले नाही. माणसाला पैशाइतकीच अब्रू लागते, हा त्या उत्तराचा गाभा होता.

त्याच काळात दुसरी एक धारा होती. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात, त्या काळच्या भाषेत, भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून त्यांनी खत देणाऱ्या संडासांचा प्रसार केला. उच्चवर्णीय माणसाने स्वतःच्या हाताने मैला उचलला, याचा मान त्यांना दिलाच पाहिजे. पण गांधीवादी मांडणीत सफाईकामाला सेवेचा, पुण्याचा मुलामा दिला गेला, आणि बाबासाहेबांचा आक्षेप नेमका त्यावर होता. ज्याला दुसरा पर्याय आहे त्याने हे काम निवडणे म्हणजे त्याग. ज्याला पर्यायच नाही त्याला या कामाची थोरवी सांगणे म्हणजे त्याला तिथेच बांधून ठेवणे. 'सोने' हा शब्द आज तेच काम करतो आहे.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहायला हवी. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे आपल्या राज्यात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ठेकेदारीच्या काळात हजारो कुटुंबांसाठी हाच एक कायम पगाराचा आधार उरला आहे. बारावी झालेला, पदवी घेतलेला मुलगाही त्या जागेवर लागतो. त्याला दोष देता येत नाही. पण सवलत आणि जातीचे काम एकाच दारातून घरात येतात, हेही नाकारता येत नाही. मैल्याच्या खताची नवी साखळी उभी राहताना वरच्या जागा, म्हणजे सल्लागार, प्रयोगशाळा, कंत्राट आणि खताची विक्री, एका समाजाकडे आणि पाइप धरण्याची, टाकीत वाकण्याची, वाळलेला गाळ फावड्याने ओढण्याची कामे दुसऱ्या समाजाकडे, अशी वाटणी आपोआप होईल. ती होऊ द्यायची नसेल तर आताच बोलले पाहिजे.

मग आपली भूमिका काय असावी

खताला विरोध ही आपली भूमिका असू शकत नाही. मैला नदीत सोडला तर ती नदी खालच्या गावांना, बहुधा गरिबांनाच, आजारी करते. प्रक्रिया हवीच. मात्र काही अटी मान्य झाल्याशिवाय या योजनेला पाठिंबा देऊ नये.

पहिली अट अशी की, टाकीपासून खताच्या पोत्यापर्यंत कोठेही मानवी हाताचा मैल्याशी थेट संबंध येणार नाही. उपसा यंत्राने, वाहतूक बंद गाडीतून, गाळ पलटणेही यंत्राने. दुसरी, खताच्या प्रत्येक खेपेची जंतांची अंडी आणि जड धातूंसाठी तपासणी होईल आणि तिचा निकाल पोत्यावर मराठीत छापला जाईल. कोणत्या पिकाला वापरू नये हेही त्यावर लिहिलेले असेल. तिसरी, केंद्रातील कामगार ठेक्यावर नव्हे तर नगरपालिकेच्या आस्थापनेवर असतील, त्यांची नियमित वैद्यकीय तपासणी होईल आणि जंतांवरचे औषध मिळेल. चौथी, हे खत टाकलेल्या शेतात काम करणाऱ्या मजुरांना बूट आणि हातमोजे देण्याची जबाबदारी खत विकणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर असेल. पाचवी, २०१३ च्या कायद्यातील 'पूर्णपणे कुजण्यापूर्वी' ही फट बुजवली जाईल.

यासाठी मोर्चाच काढावा लागतो असे नाही. आपल्या शहरात प्रक्रिया केंद्र असेल तर माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारता येतात. गेल्या वर्षी किती टाक्या उपसल्या आणि किती गाड्या केंद्रात पोहोचल्या? या दोन आकड्यांतला फरक म्हणजे नाल्यात आणि शेतात गेलेला कच्चा मैला. खताच्या तपासणीचे अहवाल कोठे आहेत? कामगार कोणाच्या हजेरीपटावर आहेत? सुरक्षा साधनांवर किती खर्च झाला? तालुक्यातल्या प्रत्येक बुद्ध विहारात दोन शिकलेली मुले तरी असतात. दहा रुपयांच्या अर्जात बरेच काही बाहेर येते.

तथागतांच्या संघाने हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी कसा सोडवला, ते विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. शौचालय वापरताना भिक्खूंमधला थोर-लहान भेद चालणार नाही, जो आधी आला तो आधी जाईल. आणि शौचालय घाण दिसले, तर ज्याला दिसले त्यानेच ते स्वच्छ करायचे. संघाने त्यासाठी वेगळी जात ठेवली नाही. मैला उचलणारा सुनीत थेराच्या पदाला पोहोचला, तो टोपली खाली ठेवून. कोणी त्याला टोपलीतले सोने दाखवले नाही.

आपल्या शहरांचे खत शेतात जाऊ द्या. टोपली मात्र यंत्राच्या डोक्यावर असू द्या.

जय भीम.